आठ पाट्यांची गाडी

करडीच्या श्यामरावांना माणूस भेटला की आधी त्याचं वजन दिसायचं. नाव, गाव, नातं हे सगळं मागाहून. यात त्यांचा काही दोष नव्हता. गावच्या धान खरेदी केंद्रावर काट्यापाशी उभं राहून त्यांनी एकतीस वर्षं काढली होती आणि इतकी वर्षं धानाचे कट्टे, म्हणजे पोती, तोलली की डोळ्यांतच तराजू येऊन बसतो. चाळीस किलोचा कट्टा एकोणचाळीस भरणार असेल, तर तो काट्यावर चढायच्या आधीच श्यामराव नाक मुरडत. लग्नात नवरदेव बोहल्यावर चढला की लोक त्याचा फेटा बघत, श्यामराव शेजाऱ्याच्या कानात सांगत, "सदुसष्ट. बूट काढून." एकदा ते वरबापाच्या कानावर गेलं आणि त्या दिवशी पंगतीत भात वाढणारा श्यामरावांच्या पुढून तीनदा तसाच निघून गेला.

फक्त एका माणसाचं वजन त्यांनी कधी उच्चारलं नाही, ते म्हणजे मंदाबाईंचं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी बायकोला एक आकडा कौतुकाने सांगितला होता. आकडा बरोबर होता, तरी त्यानंतर आठ दिवस घरात वरणाला फोडणी पडली नाही. माणूस शहाणा होता, पुढे तो विषय काढला नाही.

केंद्रावर श्यामराव काट्याला काटा तोलत. तिथे ते कुणाचे नव्हते. पण केंद्राबाहेर पडले की त्यांच्यातला जुना मापारी जागा व्हायचा. त्यांचे आजोबा पायलीने धान मोजायचे तेव्हा मापावर वरून एक ओंजळ टाकायचे, कारण सपाट माप देणं म्हणजे कंजूषपणा. पायली गेली, ओंजळ मात्र श्यामरावांच्या जिभेवर राहिली. पाच माणसं जेवायला येणार असली तर ते घरी सात सांगत. लग्नाला शंभर पत्रिका पुरणार असतील तर सव्वाशे छापून घेत. कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं, असं म्हणत त्यांनी जन्मभर उरलेला भात खाल्ला होता.

गाडीचंही तेच झालं. केंद्रावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी एका कंत्राटदाराची जुनी बोलेरो घेतली. गाडी धडधाकट होती. पण श्यामरावांच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नसे आणि ही गोष्ट करडीत सगळ्यांना ठाऊक होती. दवाखाना, बाजार, बारसं, तेरवी, काहीही असो, गाडी निघाली की गाव निघायचं. मागच्या भागात दहा दहा माणसं, वर टपावर गाठोडी, आणि ओळखीच्याचे दोन कट्टे आहेतच. शेजारचा हेमराज तर बसायला आधी यायचा आणि कुठे चाललोय हे नंतर विचारायचा. हेमराज म्हणजे चौऱ्याण्णव किलो, आणि त्याची जागा ठरलेली, मागे डावीकडे. सहा वर्षांत गाडीची शेपटी खाली बसली, तोंड वर उचललं गेलं, आणि डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं आणखी खाली गेली. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, गाडी कुणाची तरी वाट बघत उकिडवी बसली आहे.

या सगळ्याशी मंदाबाईंचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं भांडण एकाच जागेशी होतं. त्यांचं माहेर पिंपळबोडी, लाखांदूरपासून आठ किलोमीटर आत. गावाच्या तोंडाशी तलाव आहे आणि रस्ता त्या तलावाच्या सांडव्यावरून जातो. पावसाळ्यात तलावाचं जास्तीचं पाणी तिथून वाहतं, बाकीच्या दिवसांत तिथे नुसते गोटे आणि खडक असतात. तीन वर्षांपूर्वी मंडईच्या जत्रेला जाताना गाडीचा मागचा भाग तिथे असा घासला, की तलावावर कपडे धुणाऱ्या बायका धुणं सोडून उभ्या राहिल्या. सगळ्यांना उतरावं लागलं. मंदाबाई नवीन पातळ नेसून, हातात फराळाचा डबा घेऊन, गाडीच्या मागे धुळीतून चालत माहेरी पोचल्या. दारात भाच्याची बायको रुखमा उभी होती. ती हसतच म्हणाली, "आत्या, गाडी घेतली म्हणे, अन् पायदळ काहून?"

रुखमाच्या मनात काही नव्हतं. पण मंदाबाईंच्या मनात ते जाऊन बसलं. परत येताना त्यांनी शपथ घेतली, की गाडी सांडवा ओलांडून भावाच्या दारात जाईल आणि मी दारातच उतरेन, तोपर्यंत माहेरची वाट नाही. बायकांची शपथ चार दिवसांची, असं श्यामराव समजले. तिथे त्यांचं माप चुकलं. दोन मंडया आल्या आणि गेल्या.

मंडई म्हणजे काय हे झाडीपट्टीत कुणाला सांगावं लागत नाही. दिवाळी झाली, लवकर पिकणारा हलका धान घरात आला, की एकेका गावाची मंडई भरते. दिवसा दंडारीचं लोकनाट्य, दुकानं, पाळणे, आणि घराघरात पाहुणे. माहेरवाशीण त्या दिवशी आली नाही तर गाव विचारतं. दोन वर्षं पिंपळबोडीच्या लोकांनी देवाजींना विचारलं. देवाजी म्हणजे मंदाबाईंचे मोठे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, आईबाप गेल्यावर बहिणीचं लग्न ज्यांनी लावून दिलं ते.

या दिवाळीत देवाजींचा फोन आला. फार बोलणं झालं नाही. डोळ्याला कमी दिसतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि मंडई येत्या शनिवारी आहे, इतकंच ते म्हणाले. ये, असं म्हणाले नाहीत. मंदाबाईंनी फोन ठेवला आणि चुलीपुढे जाऊन बसल्या. नवऱ्याकडे न बघताच त्या बोलल्या, "मले दादाकडे जायाचं हाय. पर शपथ मोडून नाई जात."

म्हणजे गाडी उचलायला हवी होती, आणि हातात चार दिवस होते. दुसऱ्याच सकाळी श्यामराव लाखनीला गेले.

लाखनीत हायवेच्या कडेला टेकचंदचं कमानपाट्यांचं दुकान आहे. गाडीच्या मागच्या चाकांवर धनुष्यासारखे वाकवलेले लोखंडी पाटे एकाखाली एक बांधलेले असतात. ओझं पडलं की ते सरळ होतात, ओझं उतरलं की पुन्हा वाकतात. टेकचंदने आयुष्यभर हेच बघितलं होतं, ट्रकांचे पाटे, ट्रॉल्यांचे पाटे. तो गाडीखाली गेला, टॉर्च फिरवली आणि बाहेर येऊन बराच वेळ हात पुसत राहिला. डॉक्टरने असे हात पुसले की नातेवाईक घाबरतात. श्यामराव घाबरले.

सहा पाट्यांपैकी एक तडकलेला होता आणि उरलेले पाच वाकायचंच विसरले होते. टेकचंदने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत फूटपट्टी लावली. उजवीकडे जे माप आलं, त्याहून डावीकडे दीड इंच कमी. डावीकडे कोण बसतं, असं त्याने विचारलं. श्यामरावांनी हेमराजचं वजन सांगितलं, नाव सांगितलं नाही.

मग निवडीची गोष्ट निघाली. जुने पाटे भट्टीत तापवून त्यांना पुन्हा बाक देता येतो, पण तो बाक दोन महिन्यांचा, असं टेकचंद म्हणाला. पाटे आणि चाकांचा आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा टाकून गाडी उंच करता येते, पण मग पाटे तसेच मेलेले राहतात. टाचेखाली वीट ठेवून कुणी उंच होत नाही. खरा इलाज म्हणजे नवीन जोडी. त्यातही दोन प्रकार होते. एक साधी, सहा पाट्यांची, कंपनीतून यायची तशीच. दुसरी भारी, आठ पाट्यांची, खालचे दोन चांगले जाड, मालवाहू पिकअपला लावतात तशी.

श्यामरावांची नजर त्या आठ पाट्यांवर गेली आणि तिथेच राहिली. टेकचंदने ते बघितलं. "पाटा उंची पाहून नाई घ्यावं जी," तो म्हणाला, "ओझं पाहून घ्यावं. उंची आपोआप येते. मांगं किती बसतेत ते सांगा."

एकतीस वर्षांत श्यामरावांना इतका आवडता प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते दुकानातल्या बाकड्यावर नीट बसले, डोळे मिटले आणि गावातली माणसं एकेक करून मनातल्या काट्यावर चढवू लागले. हेमराज दोन कट्टे चौदा किलो. पोस्टमन दीड कट्टा. चंद्रभागाबाई कट्ट्याला चार किलो कमी, पण पिशवीसकट कट्टाच. दहा माणसांचे मिळून सतरा कट्टे भरले. हा हिशेब अगदी चोख होता. काट्यावर घातला असता तर अर्ध्या किलोचा फरक निघाला नसता. इथेच थांबले असते तर ही गोष्ट घडलीच नसती. पण श्यामरावांनी डोळे उघडले आणि वरची ओंजळ टाकली. "पंचवीस धरा," ते म्हणाले.

टेकचंदने गाडी रिकामी किती चालते, असंही विचारलं. तो धंद्याला इमानदार माणूस होता. श्यामरावांनी छाती पुढे काढून सांगितलं, की माझी गाडी आजवर रिकामी कधी चाललीच नाही. हे खोटं नव्हतं. मात्र येत्या शनिवारी त्या गाडीतून कोण जाणार आहे, हे टेकचंदने विचारलं नाही आणि श्यामरावांच्या डोक्यात आलं नाही. शनिवारी दोघंच जाणार होती. या वेळी गाव सोबत नको, असं मंदाबाईंनी आधीच बजावलं होतं.

संध्याकाळपर्यंत आठ पाटे बसले. गाडी उभी राहिली ती अशी, की श्यामरावांना तिच्याभोवती तीन फेऱ्या माराव्याशा वाटल्या आणि त्यांनी मारल्या. मागचा भाग आता तोंडापेक्षाही वर होता. सांडवाच काय, तलावाची पाळसुद्धा ओलांडेल, असं त्यांना वाटलं.

हे वाटणं लाखनीच्या बाहेर पहिला खड्डा येईपर्यंत टिकलं. त्या खड्ड्यात श्यामरावांच्या खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी उडून समोरच्या काचेवर आपटली. दुसऱ्या खड्ड्यात वरची कवळी खालच्या कवळीला सोडून पुढे आली. रस्त्यावर एखादं नाणं पडलेलं असतं, तर चाकाखाली छापा आला की काटा हेही त्यांनी सांगितलं असतं. वाटेत हेमराज भेटला आणि सवयीने मागे चढला. करडीच्या वेशीवर तो उतरला तेव्हा तोंडावर रुमाल धरून होता. त्याने जीभ चावून घेतली होती. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो काही न बोलता घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मंदाबाईंना बाजारात नेलं. आधी त्यांना गाडीत चढताच येईना. पाय ठेवायची जागा कंबरेपाशी आली होती. शेवटी घरातला प्लास्टिकचा स्टूल आणला, त्यावर त्या उभ्या राहिल्या, श्यामरावांनी हात दिला, आणि समोरच्या ओट्यावरच्या बायकांनी हसू येऊ नये म्हणून तांदूळ निवडायला घेतले. जाताना मंदाबाई दोन्ही हातांनी सीट धरून बसल्या. येताना मात्र गावाबाहेरच त्यांनी गाडी थांबवायला लावली, कंबर धरून उतरल्या आणि म्हणाल्या, "याच्यापेक्षा बंडी बरी. बैल तरी मायेनं चालते."

ही गाडी आता सांडवा ओलांडू शकत होती, पण अडीच तासांचा रस्ता हिच्यात बसून मंदाबाईंची कंबर ओलांडू शकत नव्हती. श्यामरावांनी टेकचंदला फोन लावला. पलीकडून ढोलकी आणि झांजा ऐकू आल्या. टेकचंद बहिणीच्या गावच्या मंडईला गेला होता, दुकान चार दिवस बंद. पाट्यांत काही बिघाड नाही, असं त्याने दंडारीच्या आवाजावर ओरडून सांगितलं. तुम्ही सांगितलं तेवढं ओझं ठेवा, गाडी पाळण्यासारखी चालेल.

शुक्रवारी श्यामराव गावभर फिरले. जो माणूस सहा वर्षं लोकांना 'नाही' म्हणू शकला नाही, तो आता दारोदार जाऊन गाडीत बसायला चला, म्हणून आर्जव करत होता. मंदाबाईंनीही मन मोठं करून होकार दिला होता. पण हेमराजची जीभ चावल्याची बातमी जीभ बरी व्हायच्या आधी गावात पसरली होती. कुणाला धान बांधायचा होता, कुणाच्या घरी पाहुणे यायचे होते, पोस्टमनला तर शनिवारी टपाल आठवलं. फुकटच्या गाडीला जन्मात पहिल्यांदाच कुणी चढेना. श्यामरावांना राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना म्हणून ते स्वतःवरच चिडून घरी आले.

ओसरीत या हंगामाचे कट्टे रचलेले होते. श्यामराव त्यांच्याकडे बघत उभे राहिले. माणसं नाही तर नाही. माणसांचं वजन ज्यात सांगायचं तो धान तर घरात आहे. शनिवारी सकाळी मागचे बाक दुमडून त्यांनी एकेक कट्टा गाडीत रचला, थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे. बाराव्या कट्ट्याला गाडीने हळूच श्वास सोडावा तसं झालं आणि मागचा भाग जागेवर आला. मंदाबाई मधल्या सीटवर बसल्या, गाडी गल्लीतून एक फेरी मारून आली, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. श्यामरावांना लग्नाची अडतीस वर्षं झाली होती, म्हणून याचा अर्थ त्यांना लगेच कळला.

प्रवास कसा झाला म्हणाल तर मंदाबाई साकोलीपासून लाखांदूरपर्यंत झोपल्या. जाग आली ती सांडव्याच्या तोंडाशी. तलावावर बायका धुणं धूत होत्याच. श्यामरावांनी पहिला गिअर टाकला. गोट्यांवरून गाडी डावी झाली, उजवी झाली, एक खडक पोटाखालून गेला, आणि कुठेही काहीही घासलं नाही. पलीकडे पोचल्यावर मंदाबाईंनी पदर सारखा केला आणि खिडकीची काच पूर्ण खाली घेतली, म्हणजे कुणाला बघायचं असेल तर नीट दिसावं.

गाडी देवाजींच्या अगदी दाराला लागली. रुखमा धावत आली, तिने मागचं दार उघडलं आणि तिचा चेहरा उजळला. "आत्यानं नवा धान आणला," तिने आत हाक दिली. श्यामराव पाय धुवायला लोटा हातात घेत होते तेवढ्यात शेजारच्या दोघा-तिघांनी सहा कट्टे उतरवलेसुद्धा. श्यामरावांनी तोंड उघडलं. मग त्यांनी मंदाबाईंकडे बघितलं. तीन वर्षांनी माहेरी आलेली बाई, दारातच उतरलेली, गाडीभर नवा धान घेऊन आलेली, आणि शेजारपाजार बघतोय. श्यामरावांनी तोंड मिटलं. माहेरच्या उंबऱ्यावर ठेवलेला कट्टा परत उचलायची रीत नाही. उरलेले सहाही आत गेले.

मग देवाजी काठी टेकत बाहेर आले. हा माणूस एके काळी दोन खांद्यांवर दोन कट्टे घेऊन चालायचा. लग्नात श्यामरावांनी त्यांना शहाऐंशी तोललं होतं. आता श्यामरावांच्या डोळ्यांनी सवयीने काम केलं आणि आकडा दिला, सत्तेचाळीस. त्यांनी पुन्हा बघितलं. तेवढाच आला. आपला डोळा खोटा ठरावा असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, ते त्या क्षणी फार वाटलं.

देवाजींनी बहिणीचा चेहरा हाताने चाचपला आणि विचारलं, "तीन वर्सं काहून नाई आलीस मंदे? माहं काई चुकलं का?"

मंदाबाईंनी सांगितलं, सगळं सांगितलं. सांडवा, घासलेली गाडी, धूळ, शपथ. सांगताना त्यांनाच ते लहान लहान होत गेलेलं जाणवलं. देवाजी आधी हसले, मग खोकले, आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, "गाडीसाठी? अवो, एक निरोप देतीस तं मी सांडव्यावर येऊन उभा राहिलो असतो. तुले हात धरून आणली असती. तवा माहे पाय होते."

रुखमा चहा ठेवायला आत गेली.

दोन दिवस मंडई झाली. सोमवारी दुपारी निघायची वेळ आली. गाडी पुन्हा रिकामी आणि उंच. रुखमाने चढायला पाट दिला, मंदाबाई चढल्या, आणि पन्नास पावलांवर सांडव्यापाशी येताच त्यांनी नवऱ्याला गाडी थांबवायला सांगितलं. आता घासत नाही, बसून राहा, असं श्यामराव म्हणाले. मला ठाऊक आहे, असं म्हणून त्या उतरल्या. मागून देवाजी काठी टेकत येतच होते. मंदाबाईंनी त्यांचा हात धरला आणि दोघं गोट्यांवरून चालू लागली, एकेक दगड बघून, मध्येच थांबून, काहीतरी बोलत. श्यामराव रिकाम्या गाडीत उडत, आदळत, कवळी हातात धरून त्यांच्या मागे सांडवा ओलांडून गेले आणि पलीकडे जाऊन थांबले.

थोड्या वेळाने भाऊबहीण तिथे पोचली. मंदाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, दादा एकटे परत कसे जातील, असं म्हणाल्या आणि त्यांना घेऊन मागे वळल्या. पलीकडे गेल्यावर देवाजींनी बहिणीला एकटीला येऊ दिलं नाही. ते पुन्हा पोचवायला निघाले. तलावावरच्या बायका धुणं सोडून उभ्या राहिल्या. श्यामरावांना अंधाराच्या आत करडी गाठायची होती. पण त्यांनी इंजिन बंद केलं, आणि हॉर्न काही वाजवला नाही.